गणपूर्ती

यादीत दोनशे बारा नावं.
खुर्च्या मांडल्या चाळीस,
त्यातल्या छत्तीस आम्ही चौघांनीच
पुन्हा मिटून भिंतीला टेकवल्या.
आउने कोस्केला, वय एक्क्याऐंशी, म्हणाली,
लोकांना आता बसची पडलेलीच नाही.
तुल्लिओने उरलेली कॉफी बेसिनमध्ये ओतली.
मी वहीत लिहिलं : गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
सलग पाचव्यांदा.
अक्षर छान वळतं आता त्या वाक्यावर.

कागदाच्या गिरणीत तीस वर्षं मी हजेरी मांडली.
न आलेला माणूस म्हणजे माझ्या लेखी
एक लाल रेघ.

दोन वर्षांपूर्वी नऊ नंबरची रविवारची बस
बंद करायला निघाले होते,
तेव्हा नगरपालिकेच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती.
बेकरीतली बाई बाहीवरचं पीठ न झटकताच बोलायला उभी राहिली होती.
आम्ही जिंकलो.
आणि जिंकलो म्हणून सगळे घरी गेले.
त्यात चूक कुणाची?
बस वाचवून माणसं बसमध्येच तर बसणार.

थंडर बे. जानेवारी. उणे सव्वीस.
मी फोन लावायला घेतले, आडनावांच्या क्रमाने.
एकजण वारला होता, त्याच्या मुलीने पत्ता खोडायला सांगितला.
एकाने गाडी घेतली होती,
आणि ती सांगताना त्याचा आवाज
धर्म बदलल्यासारखा खाली आला.
एक म्हातारा म्हणाला,
नोव्हेंबरात तुम्ही वर्गणी मागता, मार्चात सही.
मधल्या महिन्यांत माझा गुडघा कसा आहे
हे कधी विचारलंत?
मी विचारलं.
चाळीस मिनिटं गुडघा ऐकला.

मग ‘म’ आला. डेल्फिन मूनियस,
इस्पितळात रात्रपाळीची सफाई.
सभा किती वाजता संपते तुमची?
साडेआठला.
आणि त्या हॉलवरून शेवटची बस?

सात चाळीस.
वेळापत्रक मीच तर वाटलं होतं घरोघर.

मग मी परत कशी जाऊ, ती म्हणाली,
तुमच्या ठरावावर बसून?

इथेच घोडं पेंड खात होतं, पाच महिने.
आम्ही चौघं
तुल्लिओच्या गाडीतून यायचो, बससाठी भांडायला.

ती फोन ठेवत नव्हती.
म्हणाली, पत्रकं नकोत. काम द्या.
माझ्या थांब्यावर बर्फाचा ढीग आहे कमरेएवढा,
व्हीलचेअरवाला एकजण रस्त्यातच थांबतो.
रोज बघते मी.
कुणी विचारलंच नाही, काय बघतेस म्हणून.

गुरुवारची सभा नऊ नंबरच्या बसमध्ये भरली,
चार दहाची, मागच्या बाकांवर.
ड्रायव्हर म्हणाला, सभाबिभा चालणार नाही माझ्या गाडीत,
आणि आरसा किंचित वर फिरवला,
म्हणजे आम्ही दिसायला नको.
पहिला विषय दोन थांब्यांत संपला.
दुसऱ्याला एक बाई चढली, ऐकलं,
चुकीचं आहे म्हणाली, आणि उतरून गेली.
ते मी इतिवृत्तात घेतलंय.
ज्याला त्याला एकेक थांबा वाटला :
बस किती उशिरा, बर्फ कुणी उपसला, दिवा लागतो का.
एमेट नावाचा एक पोरगा, चौदाचा असेल,
हातमोजा दाताने ओढत म्हणाला,
कुणालाच नको असलेला थांबा कोणता?
धान्याच्या कोठारांपलीकडचा.
तो मला द्या.

एकोणीसजण चढले.
शेवटपर्यंत राहिले अकरा.
गणपूर्तीला लागतात पंचवीस.
पेन कानाला लावून मी बराच वेळ बसलो,
सरावाचं वाक्य हाताशी आलेलं.
शेवटी लिहिलं : सभा चालू. मार्ग नऊ.

खिडकीतून पाहिलं तर आउने
तिच्या थांब्यावर उतरून घरी निघालीच नव्हती.
काठीने बाकावरचा बर्फ खरवडत होती,
मोठमोठ्याने काहीतरी पुटपुटत,
फिनिशमध्ये. शिव्या असाव्यात.